२६१५ची रेषा

मॅडम,
मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यूक्लिअरच्या पेपरात आधी लिक्विड ड्रॉप मॉडेल झालं. त्यात न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन) एकमेकांना धरून, थेंबातल्या रेणूंसारखे. मग शेल मॉडेल आलं. त्यात प्रत्येक न्यूक्लिऑन आपापल्या कक्षेत, शेजाऱ्याची दखलही न घेता. आता कलेक्टिव्ह मॉडेल सुरू आहे आणि त्यात अख्खं केंद्रकच डोलतं, फिरतं. मी वर्गात विचारलं, यातलं खरं कोणतं? उत्तर मिळालं, "प्रश्न बघायचा आणि जे लागू पडेल ते लिहायचं." वर्ग हसला. मला मात्र फसवल्यासारखं वाटतंय. प्रोजेक्टला गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी (केंद्रकांतून येणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा मोजणं) मिळतेय, पण पायाच कळत नसेल तर घ्यावा का? मैत्रिणी म्हणतात, तू उगाच खोलात जातेस.
– गोंधळलेली

अगं, वर्ग हसला ते सोडून दे. याच प्रश्नाने १९३६ ते १९५० अशी चौदा वर्षं भल्याभल्यांना अडवून धरलं होतं. तुझं अजून सत्रही संपलेलं नाही. घाई काय?

आधी माझी एक फजिती सांगते. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

मी प्रोजेक्ट करत होते तेव्हा जर्मेनियम डिटेक्टर रात्रभर नुसता चालू ठेवून बॅकग्राउंड घ्यायचं काम माझ्याकडे होतं. समोर सोर्स नाही, बीम नाही, काही नाही. तरी सकाळी स्पेक्ट्रममध्ये दोन शिखरं ठरलेली असत. एक १४६१ केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप), ते पोटॅशियम-४०चं. दुसरं पार उजव्या टोकाला, २६१५ला. भिंतीच्या काँक्रीटमध्ये थोडाफार थोरियम असतोच, त्याच्या क्षयाच्या साखळीत थॅलियम-२०८ येतं आणि त्याच्यामागून ही रेषा. दोन वर्षं मी ती कॅलिब्रेशनला वापरली. वहीत तिच्यापुढे "बॅकग्राउंड, दुर्लक्ष" असं लिहिलेलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "२६१५ कोणत्या केंद्रकातून येते?" मी ठोकून दिलं, "थॅलियममधून." ते म्हणाले, "थॅलियम बीटा सोडून मोकळं झालं. मग गॅमा कोण देतंय?" मला घाम फुटला.

उत्तर होतं शिसे-२०८. थॅलियमचा क्षय झाल्यावर शिसं उत्तेजित अवस्थेत उरतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटची उडी त्याच्या पहिल्या उत्तेजित पातळीवरून तळाला असते. ती उडी २६१५ केईव्हीची.

आता इथे थांब, कारण गंमत इथेच आहे. शिसे-२०८ म्हणजे ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. दोन्ही जादुई संख्या, दोन्ही कवचं काठोकाठ भरलेली. शेल मॉडेलच्या बाजूने साक्षीदार उभा करायचा तर याच्यासारखा दुसरा नाही. या केंद्रकातला एखादा न्यूट्रॉन उचलून वरच्या रिकाम्या कवचात ठेवायचा तर अंतर साधारण ३४०० केईव्हीचं. प्रोटॉनला त्याहूनही जास्त लागतं. म्हणजे न्यूक्लिऑन खरोखर एकेकटेच असते तर ३४००च्या खाली एकही पातळी असायला नको होती. प्रत्यक्षात पहिली पातळी २६१५ला आहे. ही सातआठशे केईव्हीची सूट कुणी दिली?

शिवाय त्या उडीचा वेगही संशयास्पद आहे. एका प्रोटॉनने एकट्याने कक्षा बदलून हा गॅमा सोडला असता तर ज्या गतीने सुटला असता, त्याच्या तीस-पस्तीस पट गतीने तो सुटतो. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. अख्खं केंद्रक एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं होतंय, मग उलटं, मग पुन्हा पहिल्यासारखं, असा तो डोल आहे. म्हणजे कलेक्टिव्ह गती, आणि तीही सगळ्यात कट्टर "शेल" केंद्रकात. तुझ्या खोलीच्या भिंतीतूनही ती आत्ता येतेय.

सूट कुठून आली ते दोन मिनिटांत कागदावर दिसतं. चार अवस्था घे. प्रत्येकीत एक न्यूक्लिऑन वर उचललेला आहे, फक्त दरवेळी वेगळा. चौघींची ऊर्जा सारखीच धर. आता न्यूक्लिऑनांमध्ये जे थोडं आकर्षण उरतं ते घाल, त्याला व्ही म्हणू. चार बाय चारचं मॅट्रिक्स, आणि त्यातली प्रत्येक जागा उणे व्ही. आयगेनव्हॅल्यू काढ, म्हणजे मिसळल्यावर प्रत्येक अवस्थेची ऊर्जा किती सरकली ते. तीन शून्य येतील, म्हणजे तीन अवस्था जागच्या जागी राहिल्या. चौथी येईल उणे चार व्ही. एकटीच्या वाट्याला सगळी घसरण. तिचा व्हेक्टर बघ: चारही घटक सारखे, एक द्वितीयांश, आणि चौघांचं चिन्ह एकच. गॅमा सोडण्याचं सामर्थ्य काढायचं तर प्रत्येक अवस्थेचा वाटा एक धरून बेरीज कर. चार वेळा अर्धा म्हणजे दोन, त्याचा वर्ग चार. एकटीने सोडला असता तर एक. बाकी तिघींची बेरीज? शून्य. त्या मुक्याच झाल्या.

या हिशोबात मी नवीन बल आणलं नाही. थेंब, पृष्ठताण यातलंही काही आणलं नाही. एकेकट्या न्यूक्लिऑनांच्या अवस्थाच घेतल्या आणि त्यांना किंचित बोलू दिलं. त्यातून एकच अवस्था अशी निघाली जिच्यात सगळे एका तालात आहेत, तिची ऊर्जा खाली गेली आणि आवाज मोठा झाला. खऱ्या शिशात चार नव्हे, कितीतरी अवस्था मिसळतात, त्यांची ऊर्जा सारखी नसते आणि हिशोब बराच किचकट होतो. पण बीज हेच. १९५९मध्ये ब्राउन आणि बोल्स्टर्ली यांनी ते नीट मांडलं.

व्हीचं चिन्ह उलटं केलंस तर तीच एक अवस्था वर फेकली जाते. तेही निसर्गात आहे. सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला सरकतात, पुन्हा उलटे येतात, त्याला जायंट डायपोल रेझोनन्स म्हणतात. १९४७मध्ये बाल्डविन आणि क्लेबर यांच्या प्रयोगांत तो स्पष्ट दिसला. शिशात एका कवचातून पुढच्या कवचात जायला ७ एमईव्हीच्या (७००० केईव्हीच्या) आसपास लागावेत, आणि हा रेझोनन्स बसतो १३ ते १४ एमईव्हीच्या दरम्यान. एकच मॅट्रिक्स, एका चिन्हाचा फरक. मला हा हिशोब इतका आवडतो की कुणी न विचारताही मी तो करून दाखवते. घरचे आता उठून जातात.

आता तुझ्या मूळ तक्रारीकडे येते. इतक्या दाटीत न्यूक्लिऑन शेजाऱ्याला न धडकता फिरतोच कसा? निल्स बोर यांना १९३६मध्ये हे अशक्यच वाटत होतं. न्यूट्रॉन आत शिरला की त्याची ऊर्जा क्षणात सगळ्यांत वाटली जाते, अशी त्यांची मांडणी होती, आणि तिच्या दबदब्याखाली स्वतंत्र कक्षांची कल्पना मागे पडली. १९४९मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी जादुई संख्यांचा हिशोब स्पिन-ऑर्बिट जोडणीने (न्यूक्लिऑनची स्वतःची गिरकी आणि त्याची कक्षा यांच्या जोडणीने) चोख लावून दाखवला, तेव्हा तिला पुन्हा मान मिळाला. न धडकण्याचं कारण पाउलीचा नियम: एकाच जातीचे दोन न्यूक्लिऑन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत. धडकायचं तर दोघांनाही नवीन जागा हवी, आणि खालच्या सगळ्या जागा भरलेल्या. टक्कर व्हायला कुणाची हरकत नाही, पण झाल्यावर जायचं कुठे? म्हणून ती होतच नाही.

इथपर्यंत तुझ्या पुस्तकातही असेल. जे सहसा एका ओळीत उरकलं जातं ते पुढे आहे. अणूतले इलेक्ट्रॉन फिरतात ते मधल्या केंद्रकाभोवती. मालक मध्ये बसलेला आहे आणि खड्डा त्याने खणलेला आहे. केंद्रकाच्या मध्ये कुणीच बसलेलं नाही. न्यूक्लिऑन ज्या पोटेन्शियलच्या खड्ड्यात फिरतात तो खड्डा त्यांनीच, सगळ्यांनी मिळून खणलाय. "स्वतंत्र" म्हणजे शेजाऱ्याशी थेट टक्कर नाही, एवढंच. ज्या जमिनीवर तो फिरतो ती सगळ्यांची आहे, आणि सगळे एका बाजूला कलले तर जमीनही कलते.

हे पहिल्यांदा जेम्स रेनवॉटरच्या डोक्यात आलं. १९४९मध्ये कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्सचं व्याख्यान होतं. विषय होता केंद्रकांचे क्वाड्रुपोल मोमेंट, म्हणजे विद्युतभार गोलापासून किती लांबट किंवा चपटा आहे त्याचं माप. काही केंद्रकांत, विशेषतः विरळ मृदा मूलद्रव्यांत, हे माप इतकं मोठं येत होतं की शेवटच्या एका प्रोटॉनच्या कक्षेतून ते निघणं शक्यच नव्हतं. रेनवॉटरचा विचार असा, की बाहेरचा न्यूक्लिऑन लांबट कक्षेत फिरताना आतल्या भरलेल्या कवचांच्या गोलालाही थोडं ताणतो. गोल ताणला की खड्डा लांबट होतो. खड्डा लांबट झाला की लांबट कक्षा आणखी स्वस्त होते. एकमेकांना दिलेली ढील वाढत वाढत जाते आणि सगळंच केंद्रक लांबट होऊन स्थिरावतं. त्या वर्षी रेनवॉटरच्याच खोलीत बसणारा पाहुणा होता ऑगे बोर, निल्स बोर यांचा मुलगा. त्याने कोपनहेगनला परतून बेन मॉटलसनबरोबर या कल्पनेचं पूर्ण शास्त्र उभं केलं. वडिलांनी थेंब धरला होता, मुलाने थेंब आणि कवच एका घरात नांदवले. १९७५चं नोबेल या तिघांना मिळालं.

वाचून पटणार नाही, आकडे बघ. सॅमेरियम घे, प्रोटॉन ६२. ते हलवायचे नाहीत, फक्त न्यूट्रॉन दोन-दोनने वाढवायचे. सम-सम केंद्रकांची (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम) पहिली उत्तेजित पातळी बहुतेक वेळा स्पिन २ची असते (शिसं अपवादांपैकी). स्पिन म्हणजे इथे अख्ख्या केंद्रकाच्या कोनीय संवेगाचं माप. ती सॅमेरियममध्ये कुठे आहे ते बघत जा. ८२ न्यूट्रॉन म्हणजे बंद कवच: १६६० केईव्ही. ८४ला ७४७. ८६ला ५५०. ८८ला ३३४. ९०ला १२२. ९२ला ८२. केंद्रकाला हलवणं किती सोपं होत गेलं बघ, आणि ८८ ते ९०मधली उडीही बघ.

आता स्पिन ४च्या पातळीला स्पिन २च्या पातळीने भाग. नुसतं डोलणारं गोल केंद्रक असेल तर उत्तर २च्या आसपास यावं, कारण दोन क्वांटम म्हणजे दुप्पट ऊर्जा. फिरणारं लांबट केंद्रक असेल तर ऊर्जा स्पिन गुणिले स्पिन अधिक एक या प्रमाणात, म्हणजे ६ला २०, गुणोत्तर ३.३३. सॅमेरियम-१४८मध्ये ते २.१४ आहे, १५०मध्ये २.३२, १५२मध्ये एकदम ३.०१ आणि १५४मध्ये ३.२५. दोन न्यूट्रॉन घातले आणि डोलणारं फिरायला लागलं. गोल केंद्रक असं फिरू शकत नाही, कारण सगळ्या बाजूंनी सारखं दिसणारं फिरलं काय, न फिरलं काय, क्वांटम यांत्रिकीला फरकच दिसत नाही. फिरण्यासाठी आधी लांबट व्हावं लागतं.

मग न्यूट्रॉन वाढवले की झालं का? तर कथील बघ. प्रोटॉन ५०, बंद कवच. ११२पासून १२४पर्यंतच्या सम समस्थानिकांत बारा न्यूट्रॉन वाढतात आणि पहिली पातळी १.१ ते १.३ एमईव्हीच्या बाहेर पाऊल टाकत नाही. एकाच जातीचे न्यूक्लिऑन जोड्या करून बसतात, आणि जोड्यांना गोल आकार मानवतो. ताणायला न्यूट्रॉन आणि प्रोटॉन दोघेही कवचाबाहेर मोकळे हवेत, त्यांच्यातल्या आकर्षणाने केंद्रक लांबट होतं. जोड्यांचा आग्रह एका बाजूला आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनचं साटंलोटं दुसऱ्या बाजूला, अशी ही ओढाताण आहे. काही ठिकाणी ती इतकी काठावर असते की हसू येतं. पारा-१८६ जवळजवळ गोल. एक न्यूट्रॉन काढला, १८५ चांगलंच लांबट. आणखी एक काढला, १८४ पुन्हा गोलाकडे. १८३ पुन्हा लांबट. १९७०च्या दशकापासून हे माहीत आहे आणि आजही लोक त्यावर शोधनिबंध लिहितात.

फिरण्याबद्दल एक तपशील, कारण तुझ्या प्रोजेक्टमध्ये हेच येणार. अर्बियम-१६६ची पहिली पातळी ८०.६ केईव्ही. त्यावरून स्पिन ४ची पातळी २६९ला यायला हवी, आहे २६५ला. स्पिन ६ची ५६४ला हवी, आहे ५४५ला. इतका साधा नियम आणि १६६ न्यूक्लिऑनांचं केंद्रक तो एवढा पाळतं, हे पाहून मी अजून चकित होते. पण या पातळ्यांवरून जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरवायला किती जड त्याचं माप, काढलंस तर ते घट्ट गोळ्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. उकडलेलं आणि कच्चं अंडं टेबलावर फिरवून पाहा, कच्च्यातला आतला भाग मागे राहतो. केंद्रक या दोघांच्या मधलं काहीतरी आहे. कारण पुन्हा जोड्या. अतिवाहकतेत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या होतात तशाच या, असं १९५८मध्ये ऑगे बोर, मॉटलसन आणि पाइन्स यांनी दाखवून दिलं. आणि केंद्रक फार जोरात फिरवलं की एखादी जोडी तुटते, तिचे दोन न्यूक्लिऑन फिरण्याच्या दिशेने वळतात आणि पातळ्यांचा आलेख मागे वळतो. बॅकबेंडिंग म्हणतात त्याला, १९७१मध्ये डिस्प्रोशियम-१६०मध्ये पहिल्यांदा दिसलं. इतका वेळ एकेकट्यांतून समूह कसा निघतो ते सांगत होते, इथे उलटं होतं. समूह फिरता फिरता त्यातून एकेकटे न्यूक्लिऑन पुन्हा डोकं वर काढतात.

म्हणून "खरं कोणतं" याचं माझं उत्तर: न्यूक्लिऑनांची स्वतंत्र कक्षा खरी, आणि समूहाची गती त्याच कक्षांची बनलेली, तीही तितकीच खरी. अर्बियम एकदा फिरून येईपर्यंत आतल्या न्यूक्लिऑनच्या शंभराहून अधिक फेऱ्या झालेल्या असतात. त्याच्या लेखी खड्डा जवळजवळ स्थिर, आपल्या लेखी खड्डा फिरतोय. थेंबाचं मॉडेल मात्र मी या दोघांच्या पंगतीला बसवणार नाही. बंधनऊर्जेच्या ढोबळ हिशोबाला आणि विखंडन समजून घ्यायला ते फार कामाचं आहे, पण केंद्रक साध्या द्रवासारखं वाहत नाही, हे त्या जडत्वाघूर्णानेच सांगितलंय. वर्गात मिळालेलं उत्तर परीक्षेपुरतं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. सरांवर राग धरू नकोस, एका तासात एवढं मावत नाही.

प्रोजेक्ट घे. पाया आधी पक्का करून मग घेईन म्हणशील तर कधीच घेणार नाहीस. माझा तर रेषा मोजता मोजताच झाला, तोही परीक्षकांनी कान धरल्यावर. सुरुवातीच्या आठवड्यात तीनच गोष्टी कर. ते चार बाय चारचं मॅट्रिक्स हाताने सोडव. सॅमेरियमचा आलेख स्वतः काढ, छापील बघू नकोस. आणि डिटेक्टर मिळाला की सोर्स न ठेवता एक रात्र चालू ठेव. सकाळी उजव्या टोकाला २६१५ शोध. तिच्या डावीकडे २१०४ आणि १५९३ला दोन लहान शिखरं दिसतील. त्या नव्या पातळ्या समजून गाइडकडे धावत जाऊ नकोस, मी गेले होते. २६१५चा गॅमा डिटेक्टरमध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी तयार करतो, पॉझिट्रॉन विरतो आणि ५११चे एक किंवा दोन गॅमा बाहेर निसटतात, त्याची ती शिखरं. वजाबाकी करून बघ.